हिल्काचा चकवा

हिल्का सालोवाराचे हात मैफिलीआधी नेहमीच गार पडायचे. सभागृहामागच्या खोलीत धाकटी बहीण आउने गरम पाण्याचं भांडं घेऊन बसायची. हिल्का त्यात मनगटांपर्यंत हात बुडवायची, मग लोकरीचे हातमोजे चढवायची, आणि मग तो ठरलेला प्रश्न.

"किती लोक आलेत गं?"

"तू पळून गेलीस तर हिरमुसतील इतके," आउने म्हणायची.

चाळीस वर्षं हेच चाललं होतं. बाईनं व्हिएन्ना गाजवलं, बर्लिन गाजवलं, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय पियानोपाशी गेली नाही.

बाप तुर्कू शहराच्या गोदीत जहाजांचे पत्रे जोडायचा. पोरीसाठी त्यानं जुना पियानो घरात आणला, तेव्हा जागेअभावी जेवणाचं टेबल बाहेर गेलं आणि सगळ्यांनी वर्षभर मांडीवर ताटल्या घेऊन जेवणं उरकली. शिकवायला होते म्हातारे श्यब्लूम मास्तर. महातिरसट माणूस. त्यांचं एकच सांगणं, "सुरांची वही समोर ठेवून वाजवतो तो पाहुणा. पाठ वाजवतो तो घरचा." हिल्कानं ते असं गाठीशी बांधलं की साठी उलटल्यावर बरोबरीचे वादक निमूट वही मांडायला लागले, तेव्हा ही त्यांची टर उडवायची, "बघा, चष्मा लावून प्रेमपत्र वाचतायत."

टर उडवायची खरी, पण आत धाकधूक होती. तिचं कारण आता एकट्या आउनेला ठाऊक होतं.

चौतिसाव्या वर्षी हिल्का एक मोठी सोनाटा, म्हणजे तीन-चार भागांची लांब रचना, वाजवत होती. तिच्यात एक सुरावट दोनदा येते, अगदी जशीच्या तशी. पहिल्या वेळी शेवटाला ती परमुलखात वळते, दुसऱ्या वेळी घराकडे. फरक काय तो एका बोटाचा. हिल्कानं दुसऱ्या वेळी पहिलंच वळण घेतलं आणि पुन्हा मधल्या भागात जाऊन पडली. परत फिरून आली, परत तेच. रानात चकवा लागावा तशी तीन फेरे फिरली, चौथ्याला कशीबशी सुटली. लोकांना पत्ताही लागला नाही, टाळ्या कडकडून पडल्या. मास्तर मात्र आत आले आणि हळूच म्हणाले, "सुटलीस, नशीब समज. न सुटणारेही असतात." त्यानंतर बत्तीस वर्षं तिनं त्या सोनाटाला हात लावला नाही.

आणि आता, सहासष्टाव्या वर्षी, तीच वाजवायचं तिच्या डोक्यानं घेतलं.

त्याला कारण होतं. वसंतापासून घरात काहीबाही घडत होतं. एकाच सकाळी हिल्का तीनदा बाजारातून शेपू घेऊन आली. वेलदोड्याचे पाव भट्टीत ठेवून फिरायला गेली. या बहिणींच्या आईचं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी ती मेलेल्या नवऱ्याचं ताट वाढत बसायची. दोघींनाही ते आठवत होतं. दोघीही बोलत नव्हत्या. शेवटी हिल्काच बोलली.

"ती सोनाटा पाठ वाजली तर मी शाबूत. चुकले, तर पियानोला कुलूप लाव आणि आईला ठेवलं होतं त्या इस्पितळात मला पोचव. शब्द दे."

"अगं, वही ठेव ना समोर. कुणी फाशी देणार आहे का?"

"माझ्याच घरात पाहुणी होऊ?"

आउनेनं शब्द दिला, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

रविवारी दुपारी तीनला मैफल होती. आउने तिसऱ्या रांगेत मांडीवर वही उघडून बसली. दुसऱ्या वळणाच्या पानाचा कोपरा तिनं घरीच मुडपून ठेवला होता. पहिलं वळण गेलं, तिथं भय नव्हतंच. मग ती सुरावट दुसऱ्यांदा सुरू झाली. आउनेला वहीकडे बघवेना, बहिणीकडेही बघवेना. बहिणीच्या बुटांकडे बघत ती सूर मोजत राहिली. चार. तीन. दोन.

सुरावट घराकडे वळली, कुठंही न अडखळता.

आउने तोंडावर हात धरून रडली. तुर्कूची माणसं टाळ्यांसाठी कधी उठून उभी राहात नाहीत, त्या दिवशी राहिली. लोकांमधून वाट काढत आउने मागच्या खोलीकडे धावली.

हिल्का खुर्चीत बसली होती. कुणीतरी दिलेली फुलं मांडीवर होती. तिनं ती बाजूला ठेवली, भांडं ओढलं आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

"गार झालं गं हे पाणी," ती म्हणाली. "किती लोक आलेत?"

आउनेला आधी ती चेष्टा वाटली. मग तिनं बहिणीचा चेहरा पाहिला. भिंतीपलीकडे टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. चूक झाली नव्हती, म्हणजे दिलेल्या शब्दातून ती सुटली होती, पण बहीण सुटली नव्हती. ती खाली बसली. बहिणीचे ओले हात पदरात घ्यावेत तसे तिनं आपल्या स्कर्टमध्ये घेतले आणि पुसले.

"तू पळून गेलीस तर हिरमुसतील इतके," ती म्हणाली.

हिल्का हसली. मग वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "दुसऱ्या वळणाकडे लक्ष ठेव हं. मला तिथं फार भीती वाटते."

"ठेवते," आउने म्हणाली, आणि तिला हातमोजे घालायला लागली.