बिनशाळेचीचा एक दिवस

बिनशाळेचीला थांबायचं कधी ते कळत नसे. तिच्या आयुष्यात घंटाच नव्हती. आम्ही पोरी पाच वाजता शाळेतून सुटायचो, दप्तर खुंटीला टांगायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुस्तकाकडे ढुंकून बघायचो नाही. ही शेळ्या वळताना वाचायची, भांडी घासताना पाढे उलटे म्हणायची. एकदा तर कसलंसं गणित डोक्यात घेऊन आमच्या अंगणात आली, खिशातून खडू काढला आणि आईनं सकाळीच सारवलेल्या ओट्यावर उकिडवी बसून ते सोडवायला लागली. आईनं पाणी विचारलं, तेही तिला ऐकू गेलं नाही. उत्तर आलं तशी उठली, ‘सुटलं’ म्हणाली आणि चालती झाली. आईनं तो ओटा चार दिवस सारवला नाही, आणि तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. ज्यांना जिवलग मैत्रिणीबद्दल गोड गोड वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

नाव तिचं चांगलं होतं, पण शाळेच्या हजेरीवर ते नव्हतं, म्हणून आम्ही पोरी तिला बिनशाळेची म्हणायचो. आमचं गाव शेणव्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. आम्ही चौथीत असताना पट कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद झाली. मला आणि बाकीच्यांना लांबच्या शाळेत घातलं. वाट रानातली, मध्ये ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की आठ-आठ दिवस शाळा नाही. तिची आई, म्हणजे आमची काकी, बारावी शिकून या गावात लग्न होऊन आलेली. ती म्हणाली, “अर्धा पावसाळा पोरगी घरीच राहनार. मंग बाकीचा वर्स तरी कशाला तंगडतोड? मी शिकवतं.” सगळ्या गावानं तिला वेड्यात काढलं. पोरीला शेळ्यांमागं ठेवायची म्हणून ही सोंगं, असंही लोक बोलले. तिचे बाबा भातसानगरला धरणावर रोजंदारीला जायचे, सकाळी गेलेले दिवेलागणीला यायचे. त्यांनी बायकोला एवढंच विचारलं, “तुला जमंल?” काकी म्हणाली, “बघू.”

जमलं. नुसतं जमलं नाही, डोळ्यांवर येण्याइतकं जमलं.

‘कशावरून?’ हा तिचा दुसरा स्वभाव. मी वर्गात पहिली यायचे. माझ्याकडे गणवेश होता, निळ्या रिबिनी होत्या, बक्षिसांची पेटी होती. मी तिला ऐटीत सांगायचे की चंद्राला स्वतःचा उजेड नसतो. ती विचारायची, “कशावरून?” मी म्हणायचे, “सरांनी सांगितलं.” “सरांनी सांगितलं ता बराबर. पन सरांना कशावरून कळलं?” दुसऱ्या दिवशी मी खुळ्यासारखी हात वर करून सरांना तेच विचारलं. सर म्हणाले, “फार शहाणी झालीस का?” वर्ग हसला. संध्याकाळी मी तिला घडलं ते सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “मंग आपनच बघू.” पुढचा अख्खा महिना ती रोज चंद्राचं चित्र काढून त्याखाली सूर्य कुठे होता ते लिहीत बसली. मी तीन दिवसांनी कंटाळले. महिन्यानंतर तिनं मला ती वही दाखवली आणि खरोखरच कळत होतं. मी म्हटलं, “आमच्या परीक्षेला हे येत नाही.” दुसरं काय म्हणणार?

पण खरी जळजळ वेगळीच होती. दिवसभरात जे काही शिकेल ते संध्याकाळी काकीला शिकवायचं, हा तिचा नियम. सातवीपर्यंत काकीनं तिला शिकवलं, पुढचं गणित-विज्ञान काकी विसरून गेली होती, मग उलटं सुरू झालं. काकी भाकऱ्या थापतेय आणि ही चुलीजवळ बसून तिला सांगतेय की मुळं पाणी कसं ओढतात. “दुसऱ्याला सांगता नाय आला तर आपल्याला नाय कळला,” असं तिचं म्हणणं. आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये फक्त एक कूड. माझी आई भांडी विसळायचं निमित्त करून कुडाशी उभी राहायची आणि ऐकायची. एकदा मला म्हणाली, “तू कवा सांगतंस गो मला, आज काय शिकलीस ता?” बक्षिसांची पेटी मी त्या दिवशी माळ्यावर टाकली.

तिनं दहावी मुक्त शाळेतून बाहेरून दिली, आमच्याच वर्षी. मार्क माझ्यापेक्षा कमी होते. मी पेढे वाटले, तिनं वाटले नाहीत, आणि मला दोन वर्षं जरा बरी गेली. मी शहापूरच्या कॉलेजात अकरावी-बारावी सायन्सला, रोज एस.टी.नं. ती बारावीचा अभ्यास करतच होती, पण दुपारी फोन घेऊन म्हसोबाच्या टेकाडावर चढायची, कारण रेंज तिथेच. मला वाटलं, काय नाटकं बघते कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, “कॉलेजच्या पयल्या वर्साचे इषय करते.” बारावी व्हायच्या आत कॉलेज? मी हसले. पण ते खरं होतं. एका विद्यापीठाचे विषय घरून ऑनलाइन शिकता येत होते, वयाची अट नव्हती. फक्त परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची.

माझ्या आईला याचं भारी कुतूहल. “शिकशील घरी, पन त्याचा उपेग काय? कॉलेजवाले परत पयल्यापासून बसवतील ना?” आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. बिनशाळेची म्हणाली, “नाय काकी. पास झाला का त्याचे क्रेडिट माझ्या नावावर जमा व्हतात. आपली सावड नाय का? आज आमी तुमच्या शेतावर एक दिस दिला. तो कुटं जात नाय, तुमच्याकडं जमा ऱ्हातो. आमची लावनी निघाली का आमी मागतो आनि तुमी येता. तसाच. आता घरी बसून केलेला काम कॉलेजात गेल्यावर मागायचा.” आईला ते एका दमात समजलं. बारावीतल्या माझ्या मॅडमना मी क्रेडिट म्हणजे काय ते विचारलं होतं, त्यांनी अर्धा तास घेतला आणि मला काही कळलं नव्हतं.

सावड हा आमच्याकडचा भातलावणीचा नेम. तुमच्या घरची जितकी माणसं माझ्या शेतावर जितके दिवस राबली, तितकी माणसं मी तितके दिवस तुम्हाला द्यायची. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. आणि एक गोष्ट पक्की, दिवस कोणता ते ज्याचा दिवस येणं असेल तो ठरवणार. देणाऱ्यानं कुरकुर करायची नाही. कुरकुर केलेलं घर मग पुढल्या साली एकटंच चिखलात उभं राहतं.

आमची दोघींची बारावी झाली त्या वर्षीची गोष्ट. पहिल्या वर्षाचे सगळे विषय तिनं घरबसल्या पुरे करत आणले होते, फक्त संख्याशास्त्राचा पेपर राहिला होता. तो सुटला की पुण्याच्या एका कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तसं त्यांनी तिला कळवलं होतं. म्हणजे आम्ही एका वयाच्या, मी पेटीभर बक्षिसं घेऊन पहिल्या वर्षाला, आणि चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली ही दुसऱ्या वर्षाला. परीक्षा जुलैत, केंद्र मुरबाडला. हॉलतिकिटाची प्रिंट मीच शहापूरहून काढून आणली, कारण रोज जाणारी मी. गुरुवार, सकाळी दहा. एस.टी.त बसून मी ते हॉलतिकीट निदान दहा वेळा वाचलं असेल.

त्याच आठवड्यात आमची लावणी आली. तिच्या घरचे दोन दिवस आम्ही आधीच भरले होते, आई आणि मी. त्यांच्याकडून काकी आणि ती अशी दोन माणसं यायची, बाबांना तर धरणावरून सुट्टी नाही. रविवारी आईनं मला विचारलं, “त्यांना कंचा दिस सांगू? बुधवार-गुरुवार का शुक्रवार-शनवार?”

मी म्हटलं, “बुधवार-गुरुवार धर. राबातली रोपं जून व्हायला लागलीत.”

आता खरं सांगते. तिचा पेपर बुडावा असं मला वाटत नव्हतं. मला हवं होतं की तिनं माझ्याकडे यावं. कूड ओलांडून यावं आणि म्हणावं, “अगो, गुरुवारी माझा पेपर हाय, दिस बदलशील का?” मग मी थोडी अडखळले असते, जरा भाव खाल्ला असता आणि मोठ्या मनानं दिवस बदलून दिला असता. आयुष्यात एकदा तिनं माझ्याकडे काहीतरी मागायला हवं होतं. सोमवारी मी वाट बघितली, मंगळवारी बघितली. बुधवारी ती लावणीला आली, दिवसभर माझ्या शेजारी वाकून रोपं लावली, आणि मुळं माती कशी धरतात ते सांगत राहिली. परीक्षेचा शब्द नाही. मीही काढला नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला ती शेतात हजर. ओढणी कमरेला खोचलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. काकी सहज आईला म्हणाली, “पोरीची परीक्षा पुढं गेली, बरा झाला. नायतर आज दोन मानसं कशी दिली असती?” मी बिनशाळेचीकडे बघितलं. ती रोपांच्या मुठी फेकत होती, मान वर केली नाही.

आठ वाजून गेल्यावर वरच्या रस्त्यानं मुरबाडची गाडी आली. आमच्या वळणावर ड्रायव्हर हॉर्न देतोच. तो हॉर्न ऐकला आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी वर बघितलं. गाडी हात दाखवला की थांबते. शेतातून रस्त्यावर जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मला फक्त ‘जा’ म्हणायचं होतं. तेवढा एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. गाडी किन्हवलीच्या दिशेनं गेली आणि ती पुन्हा वाकली. त्या दिवशी तिनं माझ्यापेक्षा दोन ओळी जास्त लावल्या. संध्याकाळी जाताना आईला म्हणाली, “काकी, तुमचे दोन दिस फिटले.”

पुढच्या परीक्षेला सहा महिने होते. कॉलेजनं तिची जागा दुसऱ्याला दिली. ती वर्षभर घरी बसली आणि गाव पुन्हा बोलायला मोकळं झालं. मी पहिल्या वर्षाला जात होते, आणि आता आपण बरोबरीला आलो याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती टेकाडावर जाताना दिसली की मी खिडकी लावून घ्यायचे. हिवाळ्यात तिनं तो पेपर दिला, सुटली, आणि पुढल्या जूनमध्ये पुण्याला निघाली. वर्षाचा उशीर झाला होता, पण दुसऱ्या वर्षालाच.

निघताना ती कुडाशी आली. हातात एक पत्र्याची पेटी, काकी मागे डोळे पुसत. मी म्हटलं, “नीट जा.”

ती म्हणाली, “तुज्याकडं माझा एक दिस हाय, म्हायतीय ना?”

“फिटले म्हणालीस ना तू आईला?”

“तुज्या आईचे फिटले. गुरुवारचा दिस मी तुला दिलता.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. ओट्यावरचं गणित सोडवताना असायचा तसाच आवाज. “ठेव जमा. मागीन तवा दे.”

त्याला आता सहा वर्षं झाली. ती कोकणातल्या एका भात संशोधन केंद्रात जुन्या वाणांवर काम करते. मी मुरबाडला तासिका तत्त्वावर अकरावी-बारावीला शिकवते. सकाळच्या त्याच गाडीनं जाते, आणि आमच्या शेतावरच्या वळणावर हॉर्न वाजला की बाहेर बघत नाही. वर्गात कुणी ‘कशावरून’ विचारलं तर मी त्याला गप्प करत नाही. एवढं एक तिचं घेतलं, तेही चोरल्यासारखंच वाटतं. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा मी म्हटलं, “अगो, घे ना तुझा दिवस. सोडव मला एकदा.” ती करंजी खात म्हणाली, “नाय गो. आता दिस मागन्यासारखा काम नाय माझा.” आणि माझ्या आईला तिच्या केंद्रातल्या भाताविषयी सांगायला बसली. आई मान डोलवत ऐकत होती. इतकी वर्षं झाली, तरी मला ते बघवत नाही.

यंदाही लावणीचे दिवस ठरवायची वेळ आली. आईनं नेहमीसारखं विचारलं, “कंचे दिस धरू?” मी म्हटलं, “कुठलेही धर. मधला एक दिवस माझा मोकळा ठेव.” दर साली मी एवढंच म्हणते आणि आई विचारत नाही. या वेळी तिनं विचारलं, “कुनासाठी गो?”

मग मी सगळं सांगितलं. हॉलतिकीट, रविवार, गुरुवार, हॉर्न. तिनं मागायला हवं होतं हेही सांगितलं. शेवटी माझी नेहमीची पळवाट होतीच. म्हटलं, “तशी रोपंही जून व्हायला आली होती आई. थांबता आलं नसतं.”

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “एका-दोन दिसानं रोप जून नाय व्हत बाय. तवा मला विचारला असतास, तर मी सांगितला असता.”