आईनं वंदनाला सांगितलेलं

काल एमबीएच्या वर्गात एका मुलीनं प्रकल्पासाठी वाळलेली मोहफुलं आणली. तो गोडसर, आंबूस वास आला आणि मला भामरागडकडचं आमचं अंगण दिसलं.

वीसेक वर्षं झाली असतील. वंदना आणि मी चंद्रपूरच्या एकाच कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचो. ती नागपूरची. मोहफुलं वेचणाऱ्या बायका भाव कसा ठरवतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं, म्हणून मी तिला घरी नेलं. आई सुपात फुलं निवडत होती. वंदना तिच्याजवळ सारवलेल्या जमिनीवर बसली, एकेक विचारत गेली आणि आई बोलत राहिली. व्यापाऱ्याचं माप खोटं निघालं, तेव्हा आईनं गावातल्या सगळ्या बायका गोळा केल्या होत्या आणि अख्खा हंगाम त्याला कुणी एक फूलही विकलं नव्हतं. मी तेव्हा पाळण्यात होते.

चहा घेऊन मी दारातच थांबले. माझ्या आत काहीतरी जळत होतं.

"आई, हे मले काऊन नाई सांगितलं कधी?"

"तू कधी इचारलंच नाई," सुपावरची नजर न काढता ती म्हणाली.

आईच्या त्या हकिगतीवर वंदनानं लेख लिहिला, त्यानं तिचं नाव झालं, पुढं मोठ्या संस्थेत प्राध्यापकी मिळाली. मीही तो लेख दरवर्षी शिकवते. त्यातली बाई कोण, हे मुलांना सांगत नाही.

आता आई नाही. तिचं बोलणं आठवेनासं झालं की मी तो लेख काढून वाचते. शब्द तिचेच आहेत, आणि वर नाव वंदनाचं.