द्राक्षवेलींखालचं आभाळ

मुरमावरून सायकलचं चाक फिरू लागलं की एक बारीक, खुसखुशीत नाद उठतो. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटू लागाव्यात, तसा. माघ सरत आलेला असतो, उन्हाला अजून धार आलेली नसते, डाव्या हाताला कालव्याचं संथ, मातकट पाणी आणि उजव्या हाताला मांडवावर पसरलेल्या द्राक्षवेलींची हिरवी सावली, त्या सावलीतून येणारा पिकत्या घडांचा आंबटगोड दरवळ! सोलापूरच्या रखरखीत कीर्तीला लाजवणारा हा गारवा आला तरी कुठून, असं परगावचा माणूस विचारतो. त्या नादाच्या मी प्रेमात पडले होते. आज तोच नाद कानांवर आला की मान खाली जाते. का, ते सांगायचं ठरवलं आहे. सांगताना शब्द सजवायचे नाहीत असंही ठरवलं आहे, पण चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईची खोड एका बैठकीत कशी जाणार?

निवृत्त झाल्यावर गुडघ्यांसाठी म्हणून सायकल घेतली. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत त्याचं भारी कौतुक झालं. ‘म्हातारपणी बाईंना पंख फुटले’ असं शेजारणी म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं. हळूहळू सात-आठ जणांचा मेळ जमला. डांबरी रस्त्यांवरच्या गाड्यांना कंटाळून आम्ही आडवाटा धुंडाळू लागलो. आमच्यातली तरुण मंडळी त्याला ‘ग्रॅव्हल रूट’ म्हणतात. माझ्या माहेरची, माढ्याकडची माणसं त्याला मुरमाची वाट म्हणतात. हिप्परग्याच्या तलावाचा जुना, इंग्रजी अमदानीतला कालवा, त्याच्या काठची ती वाट, मधूनच लागणाऱ्या दगडी मोऱ्या, घडीव चिऱ्यांच्या फटींतून उगवलेले पिंपळ: वाट मी शोधली, म्हणून ती माझी, असं मला वाटू लागलं. वाट कुणाच्या रानातून जाते हे माहीत असूनही आपण ‘माझी वाट’ कसं सहज म्हणून जातो, नाही?

ती वाट एका ठिकाणी कालवा सोडून खाली उतरे आणि दोन रानांच्या मधून जाई. एका अंगाला सुभद्राअक्कांची द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला त्यांच्या धाकट्या दिराचा, दामूचा ऊस. मधोमध पाण्याचा पाट. अक्का माझ्याच वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, एक घड हातावर ठेवला आणि विचारलं, “कुटल्या गावच्या म्हनायच्या तुमी?” मी फुशारकीनं सांगितलं, मीही रानातलीच लेक, वडिलांच्या मागं पाटाकाठी वाढले. “मग काय, घरच्याच की!” असं म्हणून त्यांनी आणखी एक घड दिला.

खरंच वाढले होते मी पाटाकाठी. वडील उसाला पाणी द्यायचे तेव्हा मी बांधावर बसून बघायची. पाटाला जिथून रानात वाट असते त्याला दारं म्हणतात. दगड लावून, ओला चिखल थापून ते बुजवलं की पाणी पुढं जातं, दगड काढला की आत शिरतं. वडिलांचा एकच नेम होता: “दुसऱ्याच्या दाऱ्यातला दगुड आन् दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातला देव, हात लावायचा न्हाय.” हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि अंगात असणं यांत किती अंतर असतं, हे जन्मभर मुलांकडून पाठांतर करून घेतलेल्या बाईला साठीत कळावं ना!

त्या माघात एका रविवारी साऱ्या मंडळींना ती वाट दाखवायची होती. चोख व्यवस्थेची मला भारी हौस; म्हणून शनिवारी दुपारी मी एकटीच वाट पाहून आले. काटे बाजूला केले, आडव्या फांद्या सारल्या. पाटाजवळ आले तर वाटेतच एक मोठा दगड आणि चिखलाचा वाळलेला उंचवटा. चाक अडखळेल, कुणी पडेल, असं वाटलं. पाट कोरडा होता. मी दगड उचलून बाभळीखाली ठेवला, उंचवटा टाचेनं सपाट केला आणि हात झटकून घरी आले. द्राक्षं काढणीला आली की बागेचं पाणी तोडतात. म्हणून अक्कांनी ते जुनं दारं दगड लावून पक्कं बुजवलेलं होतं. रानातल्या कुठल्याही पोरीला दगड बघताच हे कळलं असतं. मला फक्त अडथळा दिसला.

संध्याकाळी पाटात कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली. दामूनं आपल्या उसाकडं पाणी वळवलं. अक्कांच्या घरची सगळी मंडळी लग्नासाठी परगावी गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा सारी बाग पाण्यात उभी होती. अहाहा! काय दृश्य होतं ते! वर घडांनी लवलेल्या वेली, खाली निश्चल पाणी, आणि त्या पाण्यात उतरलेलं कोवळ्या उन्हाचं निळंशार आभाळ. क्षणभर, अगदी एकच क्षण, मनात काहीतरी खुपलं: या दिवसांत बागेत पाणी कसं? पण उजेड सुंदर होता, आणि उजेड फार वेळ थांबत नाही. मी छायाचित्र घेतलं. खाली ओळ लिहिली: ‘द्राक्षवेलींखाली उतरलेलं आभाळ’. लोकांनी डोक्यावर घेतलं. मुलानं ते मोठं करून, चौकट लावून दिवाणखान्यात टांगलं.

चैत्रात पुन्हा गेले तेव्हा बाग छाटून बोडकी झालेली होती. अक्कांनी सवयीनं पाणी दिलं आणि न विचारताच बोलू लागल्या. एका रात्रीच्या पाण्यानं मणी तडकले होते. व्यापारी बांधापर्यंत आला, एक घड हातात घेऊन पाहिला आणि तसाच माघारी गेला. “दिरानंच सोडलं पानी ताई. आमी लग्नाहून आलो तवा खोरं घिऊन दाऱ्यावर हुबा व्हता, माज्या डोळ्यांनी बघितलंय की!” बिचारा दामू! आपल्या उसाला पाणी का पुरत नाही हे बघायला त्या रविवारी दुपारी आला, दारं मोकळं दिसलं, म्हणून बुजवायला लागला, आणि बुजवतानाच सापडला. त्यानं खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून सांगितलं की हे मी केलं नाही. आमच्याकडं यापरती शपथ नाही. भंडार खोटा उचलणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा लोक पीत नाहीत. अक्का म्हणाल्या, “देवाफुडं बी खोटं बोलला. द्राक्षाचं लई वाटलं न्हाय, ह्याचं वाटलं. त्या दिसापासनं त्याच्या दारात पाय न्हाय ठिवला.”

तांब्या माझ्या हातात होता. सगळं मला तेव्हाच, तिथंच कळलं. दगडाचा खरखरीत स्पर्श तळव्यांना आठवला, बाभळ तर दहा पावलांवर होती. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “जाऊ द्या अक्का. मोठं मन करा. माणूस आहे, चुकतो.” मी त्यांना क्षमेचा उपदेश केला हो! चूक माझी, गुन्हेगार तो, आणि क्षमा करायची त्यांनी. हे वाक्य आठवलं की अजूनही मी एकटी असताना मोठ्यानं ‘शी!’ म्हणते, आणि स्वयंपाकघरातून सून विचारते, काय झालं आई?

मग मी ती वाट टाकली. मंडळींना सांगितलं, तिकडं कुत्री फार आहेत. भित्र्याला कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही. तरी आमच्यातल्या दोघी जात राहिल्या, आणि वर्षानं, पुन्हा माघातच, त्यांच्यापैकी एकीच्या हाती अक्कांनी लेकीची लग्नपत्रिका पाठवली. मास्तरीण ना मी. पत्रिका हाती आली की आधी शुद्धलेखन तपासते. ‘आपले नम्र’ या शब्दांखाली आजोबांचं नाव होतं, मामांची होती, लांबच्या चुलत्यांचीही होती. सख्ख्या चुलत्याचं, दामूचं नाव नव्हतं. नावं मी दोनदा वाचली. एका माणसाचं त्याच्याच पुतणीच्या लग्नातून नाव पुसलं गेलं होतं, आणि ते मी पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मुरूम तसाच कुरकुरत होता, द्राक्षांचा वासही तसाच होता. अक्का अंगणात हळकुंडं निवडत होत्या. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलून उठले असते. उभ्याउभ्याच सांगितलं: दगड मी काढला, दारं मी मोडलं, आणि तुम्ही दामूचं नाव घेतलंत तेव्हा मी गप्प राहिले. अक्कांचे हात थांबले. मला वाटलं आता ओरडतील, हाकलून देतील, निदान रडतील. मी त्या शिव्यांची आसुसून वाट पाहत होते म्हणा ना. त्या म्हणाल्या, “म्हंजी दामूनं भंडार खरा उचलला व्हता.” मग माझ्याकडं पाहिलं. “तुमी तर रानातली लेक म्हनत व्हता की.” इतकंच! याहून मोठी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

त्यांनी ताटलीत कुंकू आणि अक्षता घेतल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाल्या. मला ‘या’ म्हणाल्या नाहीत, ‘राहा’ही म्हणाल्या नाहीत, मी मागं चालत गेले. दामू पाटाच्या काठावर खोऱ्यानं चिखल ओढत होता. वहिनीला आपल्या रानात पाहून तो ताठ उभा राहिला. “चुकले रं मी दामू,” असं म्हणून त्यांनी ताटली पुढं केली, आणि तिच्यावर दोन टिपं पडली. मग माझी पाळी आली. मी पुन्हा सगळं सांगितलं; दुसऱ्यांदा सांगणं अधिक जड गेलं, कारण हा माणूस वर्षभर देवळाच्या पायरीवरून मान खाली घालून गेला होता. त्यानं ऐकून घेतलं. कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, “दगुड कुटं ठिवलाय?”

दगड बाभळीखालीच होता, गवतात अर्धा बुडालेला. मी तो उचलून आणला आणि दाऱ्यात ठेवला. दामू वाकून बघू लागला. “आसा न्हाय ताई. चापट बाजू पान्याकडं करा की.” मी दगड फिरवला. त्यानं वर चिखल थापला. वडिलांचे हातही असेच चालायचे. परतताना मी सायकलवर बसले नाही. त्या दाऱ्यावरून ती खांद्यावर उचलून नेली आणि कालव्यावर चढेपर्यंत चाक जमिनीला लागू दिलं नाही.

लग्नात दामू अक्षता वाटत होता. पत्रिकेत मात्र त्याचं नाव आलं नाही ते नाहीच. छापून झालेलं कुठं बदलता येतं?

छायाचित्र मी अजून काढलेलं नाही. काढून टाकणं फार सोपं झालं असतं. पाहुणे येतात, चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर थांबतात आणि म्हणतात, “किती सुंदर! आभाळच उतरलंय जणू.” पूर्वी मी हसून मान डोलवायची. आता त्यांचा कप संपेपर्यंत थांबते, आणि मग सांगते की ते पाणी मी सोडलं होतं.