करंजी घाटातली चाळीस पावलं

सावेडीतून सकाळी साडेसहाला सायकल बाहेर काढली. निघालो होतो तिसगावला, पण एखाद्या परीक्षेला निघाल्यासारखं वाटत होतं. नऊ वर्षं मी सायकल चालवतोय, तीही अठरा गिअरची. गेलं वर्षभर मात्र उजवा गुडघा कुरकुरत होता. रविवारी सायकल चालवायची आणि पुढचे चार दिवस गुडघा शेकत बसायचं. माझी बायको माधुरी शेवटी वैतागली, आणि मीही तावातावाने बोलून गेलो, "तिसगावला जाऊन येतो. परतीचा करंजी घाट सायकलवरून न उतरता चढलो तर सायकल राहील. पाय टेकला, तर श्रीरामपूरच्या भाच्याला देऊन टाकतो!"

"ठीक," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणेल असं वाटलं नव्हतं.

भिंगार मागे पडलं आणि थंडी बोटांना झोंबायला लागली. दोन्हीकडे ज्वारी पोटऱ्यात आलेली, बांधावर बाभळी, आणि समोरून नुकताच वर आलेला सूर्य थेट डोळ्यांत. काय सकाळ होती! मी एकटाच मोठमोठ्याने गात होतो. एका पाणी धरणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं, तेव्हा आवाज जरा खाली आणला.

नगरकडून जाताना करंजी घाट उतरायचा असतो. वळणावळणाने सायकल सुटली आणि मी अक्षरशः ओरडलो. तेवढ्यात समोर एक खड्डा दिसला. त्यावर नजर रोखून "चुकवायचा, चुकवायचा" म्हणत मी बरोबर त्याच खड्ड्यात गेलो. पाण्याची बाटली उडून झुडपात पडली आणि गुडघ्यातून कळ निघाली. परतीचा हाच घाट चढायचा आहे, हे आठवून माझं गाणं तिथेच थांबलं.

तिसगावला बाजाराचा दिवस होता. मेथीचे ढीग, शेळ्या, प्लास्टिकच्या बादल्या, आणि त्या सगळ्यातून वाट काढणारे टेम्पो. भज्यांच्या गाडीशेजारी बसून मी गोडीशेव (गुळाच्या पाकातली जाड शेव) खात गुडघा चोळत होतो. काळ्या लेडीज सायकलवरून एक साठी ओलांडलेल्या बाई आल्या. गर्दीत पाय न टेकता, गोगलगायीच्या वेगाने, पण सरळ. भजीवाल्याने लगेच स्टूल पुढे केलं. "या सिस्टर."

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी आयुष्यभर सायकलवरून लस पोचवली होती. त्यांनी माझ्या सायकलकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे.

"किती वर्सं चालवताय?"

"नऊ," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"आन् नऊ वर्सं सीट अशीच खाली हाय?"

मी शाळेत भूमिती शिकवतो. त्यामुळे पुढचं सांगताना लाज वाटते. सिस्टरांनी मला लिंबाच्या झाडाला धरून सायकलवर बसवलं आणि टाच पेडलवर ठेवायला लावली. "पेडल पार खाली न्या. गुडगा सरळ झाला पायजे. झाला का? न्हाई ना? मंग वाकल्या गुडग्यानं एवढं वजन ढकलताय व्हय तुमी?" सीट चांगली तीन बोटं वर घ्यावी लागली. नऊ वर्षं मुलांना कोन मोजायला शिकवले आणि स्वतःच्या पायाचा कोन एकदाही पाहिला नाही!

"चालवताना मातर टाच न्हाई, चवडा ठिवायचा," त्या म्हणाल्या.

मी बाजारातच एक चक्कर मारली. गुडघा गप्प! मी आनंदाने जवळजवळ किंचाळलोच, आणि मेथीवाल्या मावशी जुडी छातीशी धरून बाजूला झाल्या.

मग मी सिस्टरांना सोडलंच नाही. भजी मागवली आणि खड्ड्याची हकिकत सांगितली. त्या खळखळून हसल्या. "खड्ड्याकडं बगितलं की सायकल खड्ड्यातच जाती. जिथनं जायचं, तिथं बगायचं. मला ठावं हाय, माज्या पेटीत काचंच्या बाटल्या हुत्या." लशीची पेटी म्हणजे बर्फ भरलेला डबा, मागे कॅरिअरला बांधलेला. धक्का बसू द्यायचा नाही, आणि बर्फ वितळायच्या आत पोचायचं. म्हणून गतिरोधक आला की सीटवरून किंचित उठायचं आणि कोपर सैल सोडायचे. त्यांची सायकल बिनगिअरची, म्हणून गिअर कसा चालतो ते त्यांनी माझ्याकडूनच विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग चढ लागायच्या आदीच हलका करायचा की, चढात कशाला खडखड करत बसता?" खरंच, नऊ वर्षं मी चढाच्या मध्यावरच गिअर बदलत आलो होतो.

निघताना मी विचारलं, "आणि चढावर दम लागला की?"

"दम लागायच्या आदी उतरायचं. थोडं चालायचं, पुना बसायचं."

"आज उतरून चालणार नाही," म्हणत मी पैज सांगितली.

सिस्टरांनी पदराने हात पुसले. "लस पोचली पायजे, एवढंच मला ठावं हुतं. मी चढ कसा चढले, ते कुनी बी कदी इचारलं न्हाई."

करंजी गाव मागे पडलं. गिअर आधीच हलका केला, नजर पुढच्या वळणावर, चवडा पेडलवर. आणि काय सांगू, सायकल चढत होती! उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर घरघरत शेजारून गेला, ड्रायव्हरने हात केला, मीही केला. अर्धा घाट संपला. आता जिंकलोच, असं वाटत असताना सगळ्यात उभं वळण आलं, आणि गुडघ्यात अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढी टोच जाणवली.

ती टोच मला चांगली ओळखीची होती. आणखी दहा मिनिटं रेटलं तर पैज जिंकलो असतो आणि चार दिवस लंगडलो असतो. उतरलो तर सायकल भाच्याची. शेवटचं म्हणून मी हँडल घट्ट धरलं. फार वाईट वाटलं. मग उतरलो.

चाळीस पावलं चाललो, मोजून. टोच गेली. पुन्हा बसलो आणि थेट माथ्यावर पोचलो. तिथे वारा असा काही अंगावर आला, की हरलोय हे विसरून मी पुन्हा गायला लागलो.

घरी पोचेपर्यंत चार वाजले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. सायकल खाली लावून वर आलो. माधुरी दारातच उभी होती. तिने काही विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, "उतरलो. एकदाच, चाळीस पावलं. भाच्याला फोन कर."

"दर रविवारी मी स्वयंपाकघरातून ऐकते," ती म्हणाली. "पहिल्या मजल्यावर तुम्ही थांबता, दुसऱ्यावर थांबता, मग कठडा धरून येता. आज कुठेच थांबला नाहीत."

मी वळून जिन्याकडे पाहिलं. खरंच थांबलो नव्हतो?

"पैजेचं काय?" मी विचारलं.

"पैज तुमची होती. मला गुडघा धड हवा होता."

मी तसाच वळलो, तिन्ही मजले उतरून खाली गेलो, आणि कठड्याला हात न लावता पुन्हा वर आलो.