कोक्विटलामची पानवेल

ऑपरेशनच्या खोलीकडे नेताना प्रमोदिनीबाईंनी स्ट्रेचरवरून नवऱ्याचा हात धरला आणि नर्सबाई, भूल देणारा डॉक्टर, ढकलणारा माणूस असे सगळे उभे असताना म्हणाल्या, "अहो, वेल सांभाळा."

विलासराव देवपुजारींना वाटलं होतं, बायको म्हणेल, औषधं वेळेवर घ्या, लेकीला, ऊर्मीला फोन करा, फार तर डोळे पुसेल. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे. ते घाईघाईने "सांभाळतो, सांभाळतो" म्हणाले आणि दारं मिटली.

गुडघा बदलायचा होता. दीड वर्ष रांगेत काढल्यावर तारीख मिळाली ती ऑक्टोबरची. म्हणजे नेमकी बागेची कामं अंगावर येतात तेव्हाची. नाही म्हणावं तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

आणि वेल तरी कसली? विड्याच्या पानांची. प्रमोदिनीबाई आगाशीच्या. त्यांच्या वडिलांची पानवेलींची वाडी होती. लग्न होऊन त्या एकाहत्तर साली कॅनडात आल्या, वाडी पुढे विकली गेली, तिथे आता चार मजली इमारती आहेत. इकडे व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलाममध्ये बाई भारतीय ग्रोसरीतून पानांचा जुडगा आणायच्या. कुठल्याशा उबदार बेटावरून विमानाने आलेली, थकलेली पानं. घरी आल्यावर त्या एकेक पान उलटून बघत. शंभरात एखाद्या देठाला चुकून वेलीचा तुकडा चिकटलेला असे, आणि त्या तुकड्याला एखादं पेर. ते पेर पाण्याच्या पेल्यात. पेला वॉशरूममध्ये, कारण घरात दमट हवा काय ती तिथेच. दाढी करताना विलासरावांना आधी पेले हलवावे लागत. एक कुजला की दुसरा. असं किती वर्षं? अकरा!

बाराव्या वर्षी एके सकाळी बाईंनी त्यांच्या ऑफिसात फोन केला. विलासराव पुलांचे आराखडे करणारे इंजिनिअर, मीटिंगमध्ये होते. धावत आले. पलीकडून बायको कुजबुजल्यासारखी म्हणाली, "मूळ फुटलं. पांढरं. केसाएवढं."

त्या केसाएवढ्या मुळासाठी त्यांनी परसात ग्रीनहाउस उभं केलं. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या गोळा केल्या, सीडरच्या लाकडात बसवल्या. खाली उघडी माती, मधून विटांची वाट. वेल खांबावर चढली, छताला टेकली, जागा नाही म्हणून वळून पुन्हा खाली उतरली. तळहाताएवढी पानं, तेल लावल्यासारखी. व्हँकुव्हरच्या पंचक्रोशीत मराठी घरी मुंज असो, बारसं असो, पानं इथली.

बाईंचा नियम एकच. आत पायताण चालायचं नाही. आगाशीला वेलीत कुणी चपला घालून जात नसे, इथेही जायचं नाही. हीटर जोडायला आलेल्या साडेसहा फुटी इलेक्ट्रिशियनलाही त्यांनी बूटमोजे काढायला लावले होते. तो बिचारा "यस मॅम" म्हणत गुलाबी बोटं आखडून उभा राहिला.

तर असा हा संसार ऑक्टोबर २०१० मध्ये विलासरावांच्या गळ्यात पडला.

बाई घरी आल्या, पण मागच्या डेकवरून परसात उतरायला सहा पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांना फिजिओची सक्त मनाई. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची मांडली, शेजारी वॉकर, हातात फोन. खाली परसात विलासराव, कानाला सेलफोन. मेपलची पानं रोज ढीगभर पडत होती, पिवळी, लाल, विटकरी. जणू निरोपाच्या प्रवेशाला कुणी वरून फुलं उधळावीत. विलासराव ती ओढून कागदी पिशव्यांत भरत.

"अहो, डेलियाचे कंद असे उपटू नका. गाजरं आहेत का ती? लांबून खणा."

"बरं."

"आणि नुसती माती झटका. धुवायचे नाहीत."

"धुतले तर काय होईल?"

"कुजतील. आणि मग मी बोलेन."

"मग आत्ता काय सुरू आहे?"

पण विलासराव मनातून चकित होत होते. खिडकीत बसून बाईला परस तोंडपाठ होता. कुठली काच सैल आहे, कुठल्या कोपऱ्यात शेवाळ आधी धरतं, छताच्या कुठल्या पन्हळीत पानं अडकतात. त्यांनी शिडी लावली आणि बघितलं, तर अडकलेलीच. चाळीस वर्षं ते या बाईशेजारी जेवले होते आणि ती इतकी वर्षं परसात काय करत होती, त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

नोव्हेंबरात काचा धुऊन झाल्या. मग आतून बबल रॅप लावायचं, म्हणजे काचेला दुलई. ते लावलं आणि खिडकीतून दिसायचं बंद झालं. बाईंना आता नुसती एक सावली हलताना दिसे.

आणि त्याच दिवसापासून विलासरावांनी बूट काढणं सोडलं.

माणूस एकाहत्तर वर्षांचा, नागपूरच्या उन्हात वाढलेला. त्या थंड विटांनी पोटरीपर्यंत कळ जायची. "बघतंय कोण," ते मनाशी म्हणाले. "वेलीला काय बूट कळतात?"

त्या गुरुवारी बातम्यांत सांगितलं, उत्तरेचं वारं सुटणार, शुक्रवारी रात्री उणे दहा. कोक्विटलामला असली थंडी क्वचित, नोव्हेंबरात तर नाहीच. पानवेल दहाच्या खाली कण्हते, पाचला आशा सोडते.

ऊर्मीचा वॉटर्लूहून फोन आला. "बाबा, जस्ट बाय द लीव्ह्ज फ्रॉम द स्टोअर! यू विल फॉल समव्हेअर."

"तुझ्या आईला सांग हे," विलासराव म्हणाले. ऊर्मीने फोन ठेवला.

शुक्रवारी त्यांनी दिवसभर इंजिनिअरसारखं काम केलं. दाराला पट्ट्या, फटींत लांबी भरली, हीटर तपासला, छातीच्या उंचीला दोन थर्मामीटर टांगले. साडेचारला अंधारलं. बाहेर मेपलच्या उरल्यासुरल्या फांद्या घुमायला लागल्या. थर्मामीटर पंधरा दाखवत होता. त्यांनी विजयी स्वरात फोन केला.

"पंधरा! अगदी पंधरा. झोप तू आता निवांत."

"पायाला गार कुठे लागतंय?"

विलासरावांनी पायातल्या बुटांकडे पाहिलं. "कुठेच नाही."

"कुठेच नाही?"

"अगं, कुठेच नाही."

फोन बंद झाला.

थोड्या वेळाने डेकचा दिवा लागला. विलासरावांनी दार उघडून पाहिलं. दिव्याच्या उजेडात वरच्या पायरीवर प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. अंगावर विलासरावांचाच जुना विंटर कोट, एक हात कठड्यावर, एका हातात काठी. वारं पदर फडफडवत होतं.

"प्रमोदिनी! वर जा! काहून उतरतेस?"

"ओरडू नका. चुकेन मी."

आधी दुखरा पाय, मग बरा. थांबा. पुन्हा दुखरा, मग बरा. विलासराव धावत जाऊन खालच्या पायरीवर हात पसरून उभे राहिले, पण ते हात तिथे आहेत हे बाईंच्या गावीही नव्हतं. त्यांचे डोळे पायाखाली होते आणि ओठ मिटलेले. रंगभूमीवर कितीही मोठी नटी जिना उतरली असेल. पण हे उतरणं बघणाऱ्याने श्वास असा रोखला असता, की टाळी वाजवायचंही सुचलं नसतं. सहावी पायरी संपली तेव्हा बाईंचं कपाळ त्या थंडीत घामाने भिजलं होतं.

ग्रीनहाउसच्या दाराशी त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. बुटांकडे. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

विलासरावांनी वाकून बायकोचे बूट काढले, मोजे काढले. सुजलेलं पाऊल मातीवर टेकलं. बाई आत गेल्या, डोळे मिटल्यासारख्या, खांबाला धरत, पाऊल उचलून न टाकता सरकवत. दोन हात, चार हात. पाण्याच्या पिंपाजवळ त्या थांबल्या.

"इथे."

विलासरावांनी पिंप सरकवलं. मागच्या भिंतीची खालची फळी कुजून भुगा झाली होती, हात जाईल एवढं भोक, आणि त्यातून वारं सुरीसारखं आत शिरत होतं. वेलीचं बुड तिथून वीतभर. त्यांनी वरचा थर्मामीटर काढून मातीवर ठेवला. पारा उतरत उतरत चारावर आला. छातीशी पंधरा, मुळाशी चार! ऊब सगळी वर, थंडी जमिनीला धरून पसरलेली. सारं आयुष्य पूल बांधणाऱ्याने पाया तपासला नव्हता.

ते बाहेर पळाले. पानांनी भरलेल्या पिशव्या ओढत आणल्या, भोकात गोणपाट कोंबलं, बाहेरून पिशव्यांची भिंत रचली, हीटर खाली मातीवर आणला. मग दाराशी आले, बूट काढले, आणि आत शिरले. पहिल्याच पावलाला कळलं. माती बोलत होती, इथे गार, इथे कमी, इथे नाही.

बाई उपड्या कुंडीवर बसल्या होत्या.

"तुझ्या आईला हे ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "म्हणून अनवाणी जायचं?"

"मला काय ठाऊक? वेलीत चप्पल नाही घालायची, एवढंच सांगायची ती. तिला तिच्या सासूने सांगितलं असेल."

"पण तू तर बरोबर जागेवर थांबलीस."

"गार लागलं म्हणून थांबले. तुम्ही नसता थांबलात?"

विलासराव खाली मातीवर बसले, तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी चोळू लागले. वर पानांच्या दाटीत हीटरची ऊब हळूहळू चढत होती.

"जगेल का गं?"

"आज नाही कळायचं. आठवड्याने पानं सांगतील."

दीड तासाने मातीचा पारा नऊवर आला. मग बाईंना वर न्यायचा प्रश्न. उभ्याने चढणं जमेना, तेव्हा त्या पायऱ्यांवर पाठमोऱ्या बसल्या आणि एकेक पायरी मागे सरकत वर गेल्या. खालून विलासराव दुखरा पाय धरून. मध्येच दोघांना हसू आवरेना आणि तिसऱ्या पायरीवर ते बराच वेळ तसेच अडकून राहिले.

चौथ्या दिवशी खालचं पान काळं पडलं. मग दुसरं, तिसरं. रोज सकाळी विलासराव आत जात आणि बाहेर येऊन खिडकीकडे बोटं दाखवत. चार. पाच. सहा. खिडकीतून बाई नुसती मान हलवत. सातवं गेलं तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आठवं पान तिथेच होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही. हिरवंगार, मधली शीर ताठ, कडेला दवाचा एक थेंब. विलासरावांनी मान वाकडी करून ते पाठून पाहिलं, पुढून पाहिलं, आणि त्याला बोटही न लावता बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिले.