भाऊजींची पेटी

भाऊजी गेल्याची बातमी मला त्यांच्या दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याने फोनवर दिली. मी गच्चीवर तुरीची डाळ उन्हात पसरत होते. "वहिनी, प्रकाशभाऊ खुर्चीत बसल्या बसल्याच मान टाकून... तुम्ही सतीशभाऊला घेऊन जल्दी या," एवढंच तो बोलला. सतीश म्हणजे माझा नवरा. आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर कुणाच्यातरी कॅमेऱ्याची उघडी पेटी होती आणि चार स्क्रू त्यांनी नेहमीसारखे झाकणात काढून ठेवले होते. काम अर्धवट टाकून उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला.

प्रकाश भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. तरुणपणी पुण्यात नोकरीला लागले होते. सासरे अचानक गेले, म्हणून "दोन महिने थांबतो" म्हणत जालन्याला परत आले, ते तीस वर्षं थांबले. लग्न केलं नाही. संगणक दुरुस्ती आणि कॅमेरे बसवणं, हे त्यांचं दुकान. बोलणं मोजकं, पण वायर म्हटली की माणूस खुलायचा. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी काळा, चौकोनी, चपलेच्या खोक्याएवढा एक डबा आणून वायफायच्या राउटरशेजारी ठेवला. आत दोन हार्डडिस्क. "घरातले सगळे फोटो, कागदं, व्हिडिओ इथं राहणार. परक्याच्या क्लाउडला भाडं कशाला भरायचं? आपली पेटी, आपलं घर. एक डिस्क गेली तरी दुसरीत सगळं बराबर राह्यतं." मग प्रत्येकाचा फोन मागून घेतला आणि अशी सेटिंग केली की फोनात जे जे चित्र येईल ते आपोआप पेटीत जाईल. माझा फोन परत देताना म्हणाले, "आता काही हरवायचं न्हाई, वैशाली." मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. काही हरवू न देणारी वस्तू किती जाचक असू शकते, ते कळायला सहा महिने गेले.

त्याचं कारण रविवार. सासूबाईंना मोबाइलवरचं दिसत नाही, म्हणून भाऊजींनी पेटी टीव्हीला जोडली होती. दर रविवारी सकाळी दहाला, चहा झाल्यावर, आठवडाभरात पेटीत जमलेलं सगळं एकापाठोपाठ टीव्हीवर यायचं आणि घरादाराने बसून ते बघायचं, असा नेमच पडला. टेंभुर्णीच्या शेतातली मोसंबी, माझ्या रेवाची शाळा, कुणाकुणाची बारशी. एका रविवारी टेंभुर्णीच्या काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, आल्या होत्या. त्यांनी आदल्याच आठवड्यात मला आहेराची साडी दिली होती, भडक जांभळी, तिच्यावर पोपटी काठ. मी तिचा फोटो माझ्या बहिणीला पाठवला होता आणि तिचं उत्तर इतकं फक्कड होतं की त्या सगळ्या गप्पांचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. तो टीव्हीवर आला. बेचाळीस इंचांवर माझं वाक्य: "ही नेसू, की हिचे पडदे शिवू?" काकूंना वाचता येतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, "खिडक्याचं माप घेऊन ठेव मंग," म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाऊजी मात्र त्यानंतर रविवारी सकाळी लवकर उठून लॅपटॉप घेऊन बसायला लागले. मला वाटलं, माझ्यावर पहारा बसला.

मी सेटिंग बंद करून पाहिली. पुढच्याच रविवारी सासूबाईंचा प्रश्न, "सूनबाईचे फोटो काहून न्हाई आले?" सतीशने फोन घेतला आणि चालू करून दिला, काही वाईट हेतूने नाही, बिचाऱ्याला वाटलं बिघडलंय. झालं. घरात कुणी मला कोंडलं नव्हतं, कुणी मारलं-झोडलं नव्हतं. पण मी फोन हातात घेतला की चार माणसं माझ्या खांद्यावरून वाकून बघतायत असं वाटायचं. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. लग्नाआधी प्रयोगशाळेत काम केलंय. नोकरीचा विषय काढला की सतीश म्हणायचा, "रेवा जरा मोठी होऊ दे." मग, "तिची दहावी होऊ दे." सासूबाई म्हणायच्या, "खायला कमी हाय का?" खायला खरंच कमी नव्हतं.

तरी मी गुपचूप अर्ज करत राहिले. नाशिकच्या एका ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेची मुलाखतीची मेल आली त्या दिवशी आनंदात, सवयीने, मी तिचा स्क्रीनशॉट काढला. आणि पुढच्या क्षणी लक्षात आलं, हा रविवारी टीव्हीवर येणार. फोनातून पुसला, पण पेटीत गेलेलं पेटीतच राहतं, ते पुसायचं कसं मला ठाऊक नव्हतं. रविवारी दहा वाजता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मोसंबी आली, रेवाचं प्रगतिपुस्तक आलं, मांजर आलं... ती मेल आलीच नाही. पेटीचीच काही चूक झाली असेल, असं समजून मी देवापुढे साखर ठेवली. मुलाखत फोनवरूनच होती. मुलाखतीच्या दुपारी भाऊजी दुकानातून घरी आले, जिन्यात शिडी आडवी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वरच्या खोलीकडं कोणी बिलकुल जायचं न्हाई. मी वायर टाकून राह्यलो, शॉक बसंल." मी मुलाखतीच्या फोनसाठी आधीच वर जाऊन बसले होते. मला वाटलं, काय नशीब आपलं! ती नोकरी मिळाली नाही, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखून गेलं, तेव्हा त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि पेटीचा मुख्य पासवर्ड माझ्याकडून तीनदा लिहून घेतला. "मला कशाला? सतीशला सांगा ना," मी जरा तुसडेपणानेच म्हणाले. मला आणखी एक बेडी नको होती.

"त्याला जमायचं न्हाई," भाऊजी म्हणाले. "त्याला जे दिसतं ते तो सगळ्यांला दाखवतो."

ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी नेमकं तेच झालं. आईला विरंगुळा म्हणून सतीशने दहाला टीव्ही लावला. चुलतभावांनी स्मशानात काढलेले फोटो त्याच्या फोनात आले होते आणि तिथून मुकाट पेटीत. चौथ्या की पाचव्या चित्राला चिता आली. ज्या माउलीला आम्ही घाटावर येऊ दिलं नव्हतं, तिने लेकाचं जळणं टीव्हीवर पाहिलं. तिचा तो आवाज मला लिहिता येणार नाही. सतीश रिमोट शोधत राहिला आणि मी धावत जाऊन पेटीची वायर उपटली.

त्या दुपारी मी पहिल्यांदा मुख्य पासवर्ड टाकून आत गेले. चितेचे फोटो कुठे हलवावे म्हणून शोधत असताना एक फोल्डर दिसलं, 'राउटर मॅन्युअल जुने'. या नावाचं फोल्डर आमच्या घरात कोण मरायला उघडणार! आत माझं नाव. नाशिकची मेल. त्यानंतर आलेले नकार, तारीखवार. भाड्याच्या खोल्यांचे मी काढलेले स्क्रीनशॉट. रडून सुजलेल्या डोळ्यांचा माझा एक फोटो, जो मी कुणालाच पाठवला नव्हता. आणि शेवटी माझ्या एम.एस्सी.च्या गुणपत्रिका. फोनवर काढलेल्या माझ्या प्रती तिरप्या आणि अंधाऱ्या होत्या, त्या नव्हे. मूळ कागद कपाटातून काढून, दुकानात नेऊन, कोपरे सरळ करून स्वच्छ स्कॅन केलेल्या. माझ्या नावाखाली घरातल्या आणखी दोघांच्या नावांची फोल्डरं होती. ती मी उघडली नाहीत.

खरं सांगते, आधी राग आला. तीन वर्षं या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि एका घरात, एका भांड्यातलं वरण वाढून घेताना तो चकार शब्द बोलला नाही. भावाला एकदा सांगता आलं नसतं? आईला? मग वाटलं, ज्याला स्वतःसाठी "मी पुण्याला परत जातो" एवढं तीस वर्षांत म्हणता आलं नाही, तो माझ्यासाठी कुठून म्हणणार होता? त्याने जिन्यात शिडी लावली. त्याला तेवढंच येत होतं. तेव्हापासून वरण वाढताना त्यांची आठवण येते, आणि रागही पुरता गेलेला नाही.

त्याच गुणपत्रिका जोडून मी नाशिकला पुन्हा अर्ज केला. आता रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी बसते. कालही बसले. शेजारणीच्या सुनेची चेष्टा करणारा एक संदेश बाजूला काढला, सतीशच्या फोनातलं हॉटेलचं एक बिल बाजूला काढलं. शेवटी माझं आलं: नाशिकचं नेमणूकपत्र, पुढच्या महिन्यात रुजू व्हा म्हणून. 'राउटर मॅन्युअल जुने' समोरच होतं. मी पत्र होतं तिथेच ठेवून लॅपटॉप मिटला.

दहाला सगळे जमले. मोसंबीनंतर पत्र आलं. आमच्या टीव्हीवर चित्र दहा सेकंद टिकतं. सतीशने वाचलं असावं, कारण तो रिमोटकडे वळला. तो मी आधीच उचलला होता. मी चित्र थांबवलं.

"हे काय हाय गं?" सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मला दिसून न्हाई राह्यलं. वाच बरं."

मी उभी राहिले आणि वाचायला सुरुवात केली.