बारा गाणी आणि एक काठवट

"तोंड हिकडं करा की, मावशी."

माझ्या खाणावळीत हा माणूस पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा हेच बोलला. मी चुलीकडे तोंड करून विचारलं होतं, आमटी वाढू का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मग ते वाक्य. चिडून वळले, तिसऱ्यांदा विचारलं, तर हा माझ्याकडे टक लावून बघतोय. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी विधवा बाई, चाळिशीची, मागाच्या कारखान्यामागच्या चाळीत एकटीने खाणावळ चालवणारी. हातात उलथनं होतं. ते त्याच्या पाठीत बसायचं थोडक्यात राहिलं.

"वाढा की," तो म्हणाला. "आमटीला न्हाय कोण म्हणंल?"

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा असेल. तरी मला मावशीच म्हणायचा. सगळेच म्हणत. खाणावळवालीला वय नसतं.

तो चादरींच्या कारखान्यात माग चालवायचा. मूळचा मोडनिंबकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. पण चाळीत त्याला सगळे शाहीर म्हणत, कारण तो गाणी रचायचा आणि तुणतुण्यावर म्हणायचा. गाणी साधी, गावाकडची. जात्यावरच्या ओव्यांच्या चालीची, धनगरांच्या ओव्यांच्या चालीची, पाळण्याच्या चालीची. माग चालू असताना रचायचा आणि माझ्याकडे जेवायला आला की म्हणून बघायचा. मी भाकरी थापत असायची ती लाकडी काठवट समोर, त्याचा डावा तळहात जमिनीवर पालथा ठेवलेला, आणि नजर माझ्याकडे. शेजारची विडी वळणारी अक्का म्हणायची, "हा तुज्या तोंडात काय शोधतो गं?"

मी म्हणायची, "आमटीत कमी पडलेलं मीठ."

पण माझ्याही मनात आलं नव्हतं असं नाही. सकाळी भांग जरा नीट पाडायला लागले होते. खोटं कशाला सांगू?

तर त्याच्या डोक्यात एक खूळ होतं. देशाचा सगळा इतिहास गाण्यांत बांधायचा. सुटी सुटी गाणी नाहीत, एका दोऱ्यात ओवलेली बारा गाणी, जुन्या काळापासून आजपर्यंत. आणि त्याची तबकडी काढायची. सहा गाणी एका बाजूला, सहा दुसऱ्या. मी म्हटलं, "इतिहास म्हणजे राजे आलेच."

"एक बी राजा घेतला न्हाय," तो म्हणाला. "राजाचं नाव घेतलं की लोकांना फोटो आठवतो, मावशी. माणूस आठवत न्हाय."

मग त्याच्या इतिहासात होतं कोण? गडावर घोड्यांना नाल ठोकणारा. फौजेसाठी दळताना झोप लागू नये म्हणून डोळ्याला पाणी लावणारी बाई. पानिपताहून पायी परत आलेला आणि घरी आल्यावर ओळखूच न आलेला, घोडे सांभाळणारा मोतद्दार. पहिली आगगाडी बघून भुतासारखी पळालेली मेंढरं आणि त्यांच्यामागे पळालेला धनगर. आमच्या सोलापुरात गोऱ्याने मार्शल लॉ लावला आणि पांढऱ्या टोपीला बंदी केली, तेव्हा ज्वारीच्या पिठात टोप्या लपवणारी एक म्हातारी. त्या गाण्यात शिपाई येतो, पिठात हात घालतो, म्हातारी म्हणते, दादा, पीठच घेऊन जा. शिपाई पीठ घेऊन जातो आणि टोप्या ठाण्यात पोचतात. हे गाणं ऐकून अक्का हसता हसता विड्यांच्या पानात पडली होती. अकरावं गाणं स्वातंत्र्याचं आणि बारावं परवाच्या दुष्काळाचं, खडी फोडणाऱ्या बाईचं. ते ऐकताना कोणी हसलं नाही. त्या कामावर गेलेली माणसं त्याच पंगतीला बसलेली होती.

पुढे एकदा पुण्याचा एक रेकॉर्डवाला साहेब गावोगावची गाणी टिपायला सोलापुरात आला. नवी पेठेतल्या एका लॉजवर उतरला, सोबत सुटकेसएवढं मशीन. शाहीर कामावर दांडी मारून त्याच्यासमोर जाऊन बसला.

साहेब म्हणाला, "बारा गाणी सलग कोण ऐकणार? चार लावण्या द्या."

"चार लावण्यांत देश मावंना, साहेब. लई खेचून बघितला."

साहेब हसला आणि फसला. एक दिवस देतो म्हणाला. संध्याकाळच्या गाडीला परत जायचं होतं त्याला.

आता नवी पेठ म्हणजे तुम्हाला माहीत आहे. खाली रिक्षा, भांडीवाले, सायकलींच्या घंट्या. मशीनला शांतता हवी. साहेबाने खोलीच्या चारी भिंतींना, दारांना, खिडक्यांना चादरी टांगल्या. सोलापुरात दुसरं काय टांगणार? एकावर एक तीन तीन. पंखा बंद. दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर आत मोर आणि फुलांच्या नक्षीची भट्टी पेटलेली. मधोमध शाहीर घामाने निथळत बसलेला, आणि साहेबाचं तोंड कारल्यासारखं झालेलं.

"बाई, यांना ताल नाही," साहेब म्हणाला. "सकाळपासून एक गाणं झालेलं नाही. ढोलकीवाला आणला, तो कंटाळून गेला. हे एकीकडे, ढोलकी दुसरीकडे."

मला पटेना. ह्या माणसाचा ताल मी रोज बघत होते. त्याच्या तालावर माझी माणसं घास मोजून खायची.

साहेबाने पुन्हा मशीन लावलं. शाहीर गायला लागला आणि दोन ओळींत पळत सुटला. साहेब त्याच्या मागे उभा राहून म्हणाला, "थांबा." शाहीर गातोय. "थांबा हो!" गातोय. साहेब ओरडला, "अहो, थांबा की!" शाहीर आपला पानिपताहून परत येतोच आहे.

साहेबाला वाटलं, माणूस मग्रूर आहे. मला मात्र माझ्या पहिल्या आमटीची आठवण झाली.

मीही लग्नाआधी आठ वर्षं कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या आहेत. मागाच्या खडखडाटात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठांवरून बोलणं वाचतात. भांडणंसुद्धा आवाज न काढता होतात. त्यामुळे मागावरचा माणूस बहिरा व्हायला लागला तर कोणाला पत्ताच लागत नाही. तीस वर्षं माग बडवून ह्याचे कान गेले होते आणि अख्ख्या कारखान्याला, अख्ख्या चाळीला कळलं नव्हतं. आणि मी इकडे भांग पाडत होते!

मी त्याच्या समोर गेले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "कितपत ऐकायला येतं?"

त्याने तसंच उत्तर दिलं. "सकाळच्याला थोडं. सांजंला काय बी न्हाय."

"मग आत्ताच कशाला हा उद्योग?"

"पुढच्या साली सूर बी हातात राहायचा न्हाय, मावशी. मशीन जाऊ देऊ नका. साहेबाला सांगू नका."

साहेब आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, दोघांना एकदमच वेड लागलं.

मग ह्याचा ताल गेला कुठे? विचार केला तर सरळ होतं. तो कानाने ताल धरतच नव्हता. कारखान्यात मागाचा ठोका फरशीतून पायात यायचा. खाणावळीत माझ्या काठवटीचा ठोका जमिनीतून तळहातात यायचा. इथे खाली गादी, भिंतींना चादरी. त्याच्याच हातच्या चादरींनी त्याचा गळा आवळला होता.

मी साहेबाला म्हटलं, "गाणं पाहिजे ना? मग ती गादी उचला. मी काठवट घेऊन येते."

"काठवट कशाला?"

"भाकरी थापायला."

"बाई, हे रेकॉर्डिंग आहे."

"मला दिसतंय. तुम्ही जेवलात का?"

तो जेवला नव्हता. तिथेच अर्धं काम झालं.

रिक्षातून काठवट, पिठाचा डबा, तवा आणि कोळशाची शेगडी आणली. साहेब म्हणाला, नुसती थापा, शेगडी कशाला? मी सांगितलं, "थापलेली भाकरी भाजायची असते. नुसतं थापायला माझा हात नाटक शिकलेला नाही." तसंही खोट्या भाकरीला खरा ठोका येत नाही. पीठ ओळखतं.

काठवट फरशीवर ठेवली. शाहीर समोर बसला, तळहात पालथा. मी थापायला सुरुवात केली. थप थप, थप थप. त्याने डोळे मिटले, एकदा मान हलवली आणि नाल ठोकणारा गडावर चढायला लागला.

एक भाकरी, एक कडवं. भाकरी गोल होईपर्यंत कडवं संपायचं. मी ती तव्यावर टाकून वरून पाणी फिरवेपर्यंत तो तुणतुणं वाजवायचा. पुढचा गोळा, पुढचं कडवं. असा देश पुढे सरकत होता. दळणारी झाली, मोतद्दार घरी आला, मेंढरं पळाली, टोप्या ठाण्यात गेल्या. साहेब मशीनजवळ पुतळ्यासारखा बसलेला, ओठांवर बोट ठेवून. दुरडीत भाकऱ्यांची चळत वाढत होती, आणि त्या बंद खोलीत असा वास सुटला होता की काय सांगू.

अकरावं गाणं आलं. स्वातंत्र्याचं. शाहीर माझ्याकडे बघत गात होता. आपलं राज्य दारात आलं, उंबऱ्याशी उभं राहिलं, आता त्याला आत घ्या, अशी ओळ होती. आवाज असा लागला होता की माझाही हात जड झाला. आणि तेवढ्यात साहेबाचा हात दुरडीकडे गेला. सकाळपासून त्या हाताने मशीनला तेल घातलेलं, धुळीच्या चादरी टांगलेल्या, विड्या ओढलेल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी हात धुवा की!"

साहेब जागच्या जागी गोठला. शाहीर थांबला नाही. उरलेली कडवी म्हटली, दुष्काळाचं गाणंही म्हटलं, आणि मग तुणतुणं खाली ठेवलं.

साहेबाने मशीन उलटं फिरवून लावलं. राज्य दारात आलं, उंबऱ्याशी उभं राहिलं, आणि लगेच माझा आवाज, कारखान्याच्या भोंग्यासारखा. साहेब म्हणाला, "हे गाणं परत घ्यावं लागेल. पण गाडीला तासच आहे." तो शाहिराच्या समोर येऊन बोलत होता. कारण न सांगता तेवढं मी त्याला एव्हाना शिकवलं होतं.

माझ्या मनात आलं, ह्या माणसाच्या आयुष्यातली एकच तबकडी, आणि तिच्यात मी शेण कालवलं. आणि ह्याला ते ऐकूसुद्धा आलेलं नाही. परत गायला लावावं तर सांज झालेली.

"राहू द्या, साहेब," शाहीर म्हणाला. "बरुबर हाय ते."

"काय बरोबर आहे? ऐकलंत का तुम्ही?"

"बघितलं की." त्याने माझ्या तोंडाकडे बोट केलं. "दारात राज्य आलं तवा बाया दुसरं काय म्हनल्या असतील? पोरांनो, पाहुनं आल्यात, आदी हात धुवा. हितं राजा न्हाय म्हनून सांगितलं व्हतं. राजा नसला की हेच ऐकायला येतं."

साहेबाने हात धुतले, सहा भाकऱ्या खाल्ल्या आणि गाडी गाठली.

तबकडी निघाली. पाकिटावर शाहिराचं नाव, आणि खाली छापलेलं, ताल : काठवट. मुंबईच्या कुठल्याशा पेपरात आलं म्हणे की काठवट हे सोलापूरकडचं फार जुनं वाद्य असावं. अक्काने तिची काठवट दाराला टांगून ठेवली, कोणी बघायला आलं तर असावी म्हणून. तबकडी फार खपली असं नाही. पण आमच्या भागात गणपतीत ती लागायची, आणि ती ओळ आली की चाळीतली सगळी पोरं एका सुरात ओरडायची. एका पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्यापाशी तीच लावली होती. पाहुण्यांनी नेमका तेव्हाच पेढा उचलला. कर्ण्यातून माझा आवाज आला. त्यांनी पेढा परत ठेवला आणि पाणी मागितलं. शाहीर माझ्या शेजारी उभा होता. त्याला कर्णा ऐकू आला नाही, पण पाहुण्यांचं तोंड दिसलं. हसून हसून त्याला खाली बसावं लागलं.

पुढे त्याचे कान पार गेले. कामावरून सुटल्यावर तो मोडनिंबला भावाच्या घरी राहायला गेला. वर्षातून एकदा यायचा. काठवटीसमोर बसायचा, तळहात ठेवायचा, म्हणायचा, "हात मंद झाला की, मावशी." मी म्हणायची, "तुमची जीभ नाही झाली."

शेवटचं आजारपण आलं तेव्हा निरोप आला म्हणून मी गेले. खोली माणसांनी भरलेली. रिवाजाप्रमाणे एकेक जण वाकून त्याच्या कानात देवाचं नाव सांगत होता. भावजय रडत म्हणाली, "काय बी हूं का चूं करत न्हाईत वो."

मी म्हटलं, "त्या वाटेनं वीस वर्षांत काही आत गेलेलं नाही. सरका."

त्याच्या समोर बसले. हनुवटी धरून त्याचं तोंड माझ्याकडे केलं. त्याने डोळे उघडले. आधी डोळ्यांकडे बघितलं, मग सवयीने ओठांकडे. मी देवाचं नाव घेतलं नाही. आवाज न काढता म्हटलं, "आधी हात धुवा की."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. भावजयीला वाटलं, झटका आला. मला माहीत होतं, काय आलं ते.

दुपारी गेला. मी परत येऊन रात्रीच्या पंगतीच्या भाकऱ्या करायला बसले. जेवणारी माणसं कोणासाठी थांबत नाहीत. एक थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, दुसरा गोळा हातात घेतला आणि तशीच बसून राहिले, तुणतुणं थांबायची वाट बघत. तव्यावरची करपली. ती मीच खाल्ली.